मक्या, "दणक्यात जायचंय" असं तू म्हणालाच नव्हतास

मक्या,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. यावरूनच ओळख, तू गेल्यापासून इथे काय परिस्थिती आहे ती. नववीत दोनदा बसलेला माणूस लेख लिहितोय आणि पीएचडीवाले म्हणतायत, लवकर द्या. आपल्या प्रेसिडेंट बाई फोनवर म्हणाल्या, "दिगंबरराव, तुम्ही बोलता तसंच लिहा. आणि ते फ्युनरलचं आलंच पाहिजे हं, 'दणक्यात गेला' ते. लोकांना तेच वाचायचंय."

मी हो म्हटलं. मी सगळ्याला हो म्हणतो, तुला माहितीय. फोन ठेवला आणि मग दोन्ही कान गरम झाले. फ्युनरलचंच लिहायचंय मला पण. फक्त त्या म्हणतायत तसं नाही.

पण सरळ तिथे जायची माझी हिंमत नाही, म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं बोलतो. ही पण माझी जुनी सवय, तूच दाखवून दिलेली.

आपल्या या नोव्हाय गावात आपली सगळी मराठी माणसं गाड्या डिझाइन करतात. मी एकटा त्या गाड्यांची चाकं काढतो. बहिणीनं स्पॉन्सर केलं म्हणून आलो, नाहीतर अमेरिकेनं मला कशाला बोलावलं असतं, त्यांच्याकडे स्वतःचे नापास कमी आहेत का? तू विंटर टायर घालायला आमच्या दुकानात आलास. गाडी शटरपाशी आली तशी आतून धडधडधडधड असा आवाज. मी हात करून थांबवली, आत ओरडून सांगितलं, मागचं व्हील बेअरिंग गेलंय. तू काच खाली केलीस तर आवाज डबल झाला, आणि वर एक माणूस दारात बोट चेंगरल्यासारखा किंचाळत होता.

"बेअरिंग नाही, ड्रम आहेत," तू म्हणालास. मराठीत. माझ्या शर्टावरचं नाव वाचलं होतंस.

मी तरी गाडी लिफ्टवर घेतली. चारही चाकं हलवून बघितली. तू खाली उभा, हातात आमच्या मशीनची ती काळी कडू कॉफी, आणि अगदी गंभीरपणे विचारलंस, "मग? काय सापडलं?"

"ड्रमच आहेत," मी म्हटलं.

असा तू भेटलास. मोठा इंजिनिअर, पुण्याचा, कंपनीनं जर्मनीला पाठवलेला, आणि तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात तर तू हा बँड घेऊन आलेला. त्यांचं नाव तू घशातून घ्यायचास. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाणी आणून दिलं तुला. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून मी त्यांना 'जंगलवाले' म्हणायला लागलो, कारण कव्हरवर कायम जंगल. तू पण मग तेच म्हणायला लागलास. वहिनींना वाटायचं आपण दोघं कुठल्या फॉरेस्ट ऑफिसरबद्दल बोलतोय.

जंगलवाले तेव्हा जोरात होते. पाच जण, कमरेपर्यंत केस, तोंडाला राख फासलेली, आणि गाणं म्हणजे डोंगर कोसळतोय आणि कुणीतरी त्या डोंगराला शिव्या देतंय. शब्द कळायचे नाहीत. मला इंग्लिश गाण्याचे पण कळत नाहीत, पण तिथे लाज वाटते, बाकीच्यांना कळत असतात ना. इथे जर्मन माणसाला सुद्धा कळत नव्हते म्हणे. मला एकदम बरोबरीचं वाटलं. गणपतीत तू सिल्कच्या कुर्त्याच्या आत त्यांचा टी-शर्ट घालून आला होतास, हरणाची कवटी असलेला. आरतीला हात वर केलेस आणि गळ्यातून शिंगं बाहेर आली. आपटेकाकू म्हणाल्या, "मकरंद, हा कुठला देव?" तू म्हणालास, "जर्मनीतला आहे काकू, कडक आहे."

आणि एक गोष्ट, जी आपण परत कधी बोललो नाही. माझी आई कराडला वारली तेव्हा माझे कागद अडकलेले होते, मला जाता आलं नाही. मी त्या दिवशी कामावर गेलो. दुकानात जोक मारत होतो, टायर बदलत होतो. तुला कुणी सांगितलं मला माहीत नाही. तू दुपारी आलास, मला काही विचारलं नाहीस, पार्किंगमध्ये तुझ्या गाडीत बसवलंस. जंगलवाल्यांचं सगळ्यात राक्षसी गाणं लावलंस, फुल्ल आवाज, काचा वर. आणि स्वतः बाहेर उतरून लांब जाऊन उभा राहिलास, गाडीकडे पाठ करून, बर्फात, कानटोपी पण नव्हती. त्या आवाजात मी आत काय केलं ते कुणाला ऐकू आलं नाही. मला स्वतःला पण नीट आलं नाही. गाणं संपल्यावर तू आलास, हीटर वाढवलास आणि म्हणालास, "पुढचं बेअरिंग पण चेक कर कधीतरी."

मक्या, त्याबद्दल मी तुला थँक्यू म्हटलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या गाडीत बुरशीचा वास येतोय." हे मी म्हटलं.

मग जंगलवाले बदलले. आधी एका गाण्याच्या मध्येच, एवढा आरडाओरडा चाललेला असताना, सगळं थांबलं आणि एकच साधी गिटार वाजायला लागली. मला वाटलं वायर सुटली. मी मंडळाचा साउंडवाला, माझा हात आपोआप वायरीकडे गेला. तू तो हात धरलास. "वायर ठीक आहे. ऐक. आता इथून ते दुसरीकडे निघालेत."

आणि खरंच निघाले. पुढच्या रेकॉर्डला ड्रमवाला नाही. त्याच्या पुढच्याला विजेवर चालणारं काहीच नाही. साधी गिटार, ते मांडीत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, पायानं भाता मारायची एक पेटी, लाकडी बासरी. राख धुतली, केस कापले. किंचाळणारा माणूस आता कुणीतरी शेजारी झोपलंय असा गायचा. गाणी त्यांच्या खेड्यापाड्यातली जुनी, आणि सगळी काळोखी. साथीच्या रोगात रिकामं झालेलं गाव. हिवाळ्यात लांडग्याला पोर देऊन टाकणारी बाई. मी म्हटलं, "म्हातारे झाले रे. दम संपला. आता कीर्तन करतायत."

तू चिडायचास. खरा चिडायचास, हे वहिनींना पण माहीत नाही. म्हणायचास, "दिग्या, तेव्हा पण हेच सांगत होते ते. तेव्हा आवाजात ऐकू येत नव्हतं एवढंच."

"मग तेव्हा पैसे कशाचे घेतले?" मी म्हणायचो.

शिकागोला त्यांचा प्रोग्राम झाला तेव्हा मला ओढत घेऊन गेलास. रेवाकडे शॉमबर्गला उतरलो, तुझी मुलगी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याच सोफ्यावर. तिनं विचारलं, "डॅड, इज इट गोइंग टू बी लाउड?" तू म्हणालास, "नो बेटा, धिस टाइम यू कॅन कम." ती नाही आली. लहानपणी बेसमेंटमधून येणारा तो धडधडाट ऐकून ऐकून तिला धसका बसलेला. हॉल म्हणजे जुनं चर्च. लाकडी बाकं, मेणबत्त्या, आणि माणसं अशी बसलेली की श्वास पण परवानगी घेऊन घेतायत. आणि माझ्या जॅकेटात वहिनींनी दिलेला चिवडा. प्लास्टिकच्या पिशवीत. मला वाटलं एक घास, हळूच. मक्या, त्या चर्चमध्ये ती पिशवी अशी वाजली की तो गाणारा थांबला. थांबून बघितलं त्यानं. पाच खंड फिरलेला माणूस, कराडच्या दिगंबरकडे बघत होता. मी काय करावं? मी पिशवी पुढे केली. घेणार का, असं.

लोक हसले. तो पण हसला. तू नाही हसलास. तू माझ्यापासून इतका लांब सरकलास की शेजारच्या बाईला वाटलं तू तिच्याबरोबर आलायस.

परत येताना तू गाडीतलं गाणं बंद केलंस. मग म्हणालास, "तुला शांत बसायची भीती वाटते का रे?"

मी म्हटलं, "भीती नाही, भूक."

खरं उत्तर मला माहीत होतं. ते पार्किंगमधलं. मोठ्या आवाजात माणसाला लपता येतं, मक्या. त्या हळू गाण्यांत मी कुठे जाणार होतो? जंगलवाले पुढे गेले आणि मला उघड्यावर ठेवून गेले, याचा राग होता मला. एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी नववी पास व्हायला लागत नाही.

मग तुझं पोटाचं निघालं. त्यातलं इथे काही लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मी संध्याकाळी दुकानातून तसाच तुझ्याकडे यायचो, हात काळे, वहिनी मागच्या दारानं घ्यायच्या. बेसमेंटमध्ये तू त्या रिक्लायनरवर. रोज म्हणायचास, "आज एक रेकॉर्ड पूर्ण. गप्प बसून." आणि मी रोज ते मोडायचो. कधी त्या पेटीला आपल्या पेटीची जर्मन आत्या म्हणायचो, कधी बासरीवाल्याला सर्दी झालीय म्हणायचो. तू हसायचास. पोट धरून हसायचास, दुखत असताना. मला वाटायचं मी तुला बरं वाटायला लावतोय.

त्यातलं एक गाणं तुझं खास होतं. एक माणूस हिवाळ्यात घर सोडून निघालाय. निघताना घरातले दिवे एकेक विझवत जातोय, मागे राहणाऱ्यांना तेल पुरावं म्हणून. आणि पाय न वाजवता चालतोय, कुणी जागं होऊ नये म्हणून. हे गाणं जंगलवाल्यांनी पहिल्यांदा जोरात असताना केलं होतं आणि नंतर परत हळू केलं. तूच हसायचास त्याला. "बघ ना, पाय न वाजवता चाललेला माणूस, आणि हे किंचाळून सांगतायत. त्यांना पण नंतर लाज वाटली असणार, म्हणून परत केलं."

आणि मग तू ते सांगितलंस. "फ्युनरलला हे लाव. हळूवालं. सगळे मोठ्यानं रडतील, गुरुजी माइकवर असतील, तू बडबडत असशील. त्यात एक गोष्ट हळू असू दे."

मी म्हटलं, "रेवाला सांग ना."

"तिला हे सगळं आवाज वाटतं. तुला दोन्ही माहीत आहेत. तूच साउंडवाला."

मी तुला टाळी दिली. झालं म्हणून समज, असं म्हटलं.

आता फ्युनरल.

मी सकाळी लवकर गेलो होतो. आपल्या मंडळाचे दोन स्पीकर, मिक्सर, सगळं नेलं. गाणं फोनवर काढलं. तुला माहीत आहे मी रेकॉर्डी चित्रावरून ओळखतो, ती जर्मन अक्षरं माझ्यासाठी कुंपणाची तार. लाल कव्हर म्हणजे जोरातलं, निष्पर्ण झाड म्हणजे हळूवालं. झाड दिसलं, दाबलं. गिटार सुरू झाली, हळू, बरोबर. तेवढी ऐकली आणि बंद केली. कारण त्या फ्युनरल होममधला तो उंच माणूस डोनट घेऊन आला होता आणि मी त्याला टायरवरचा एक जोक सांगत होतो. पूर्ण वाजवून बघितलं असतं तर कळलं असतं. जुन्या जोरातल्या रेकॉर्डची नवीन आवृत्ती काढलीय त्यांनी, झाडाचं कव्हर लावून. आणि जोरातलं गाणं पण गिटारनंच सुरू होतं. तीच गिटार. हे मला माहीत होतं. मी ते शंभरदा ऐकलंय.

हॉल भरलेला. गुरुजींचा आवाज बसला होता म्हणून मी मिक्सरवर आवाज वाढवून ठेवला होता, तो तसाच. गुरुजींचं झालं. वहिनी उभ्या राहिल्या, रेवानं त्यांना धरलं. मी बटण दाबलं. गिटार. वहिनींनी डोळे मिटले. सगळे शांत. मला वाटलं, दिग्या, आयुष्यात एक काम नीट केलंस.

आणि मग डोंगर कोसळला.

मक्या, आपटेकाकू खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. डॉक्टरकाकांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. गुरुजींच्या हातात फूल तसंच. मी मिक्सरकडे धावलो, वायरीत पाय अडकला आणि काढलेल्या चपलांच्या ढिगावर पालथा पडलो, आणि गाणं काही बंद झालं नाही, ती एक वायर आयुष्यात पहिल्यांदा घट्ट बसली होती. पाय न वाजवता जाणारा तो माणूस तुझ्या डोक्याशी उभा राहून किंचाळत होता.

आणि रेवा हसली. रडता रडता एकदम फुटली. "ओ माय गॉड, डॅड!" असं तुझ्याकडे बघून म्हणाली. मग वहिनी पण. मग सगळा हॉल, रडतोय पण आणि हसतोय पण. मी चपलांमधून उठलो. कुणीतरी विचारलं, "अहो दिगंबर, हे काय?"

माझ्या तोंडातून निघालं, "त्याचीच इच्छा. म्हणाला होता, दिग्या, मला दणक्यात जायचंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फ्युनरलला. ते गाणं संपेपर्यंत उभे राहिले सगळे. रेवानं मला मिठी मारली. "थँक यू, दिगूकाका. यू गेव्ह हिम बॅक टू अस." माझ्या शर्टाला कुणाच्या तरी चपलेची माती लागली होती, ती तिच्या गालाला लागली.

तेव्हा सांगायला हवं होतं. वाटलं घरी गेल्यावर सांगू. मग तेराव्याला सांगू. तेराव्याला प्रेसिडेंट बाईंनी भाषण केलं, "मकरंद जगला तसाच गेला, दणक्यात." न्यू जर्सीहून आलेल्या लोकांना सांगितलं गेलं, ते तिकडे त्यांच्या आयसेलिनला जाऊन सगळ्यांना सांगून मोकळे झाले. तुझ्या पुण्याच्या भावाचा मला फोन आला, म्हणाला, आमचा मक्या शेवटपर्यंत मर्द. मी म्हटलं, हो ना. ज्यानं त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. आणि खरं सांगू, मी ती गोष्ट स्वतः पण सांगायला लागलो. दुकानात, ग्रोसरीत. मी चपलांवर पडतो तो भाग वाढवायला लागलो. तुझी एक हळू गोष्ट होती, तेवढीच मागितली होतीस, आणि मी तिचा माझ्यावरचा जोक केला. माझ्यावर जोक केला की कुणी रागावत नाही, मक्या. ती माझी युक्ती आहे. लोक म्हणतात, किती मोकळा माणूस.

मग रेवाचा मेसेज आला. फोटो. तिच्या हातावर पेननं लिहिलेलं, मराठीत, मोठ्या अक्षरांत: दणक्यात. खाली लिहिलं होतं, शनिवारी टॅटू करतेय, डॅडचा शेवटचा शब्द, तू प्लीज चेक कर, बरोबर आहे ना, मला मराठी वाचता येत नाही आणि आईला सरप्राइज द्यायचंय.

मी दुकानात होतो. गाडी लिफ्टवर, हातात पाना. मी तसाच बाहेर गेलो, फोन लावला.

"रेवा, टॅटू नको करूस."

"व्हाय? चुकीचं लिहिलंय?"

"लिहिलंय बरोबर. पण तो असं म्हणाला नव्हता. मी म्हणालो ते."

सगळं सांगितलं. हळूवालं, जोरातलं, झाडाचं कव्हर, डोनट. मध्ये एकदा ती हसेल असं वाक्य तोंडात आलं होतं, ते गिळलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आय स्टूड देअर अँड आय लाफ्ड. मी त्याच्यासमोर हसले, बिकॉज मला वाटलं तो हसवतोय."

"हो."

"आणि तू मला तसं वाटू दिलंस. होल मंथ."

"हो."

"व्हाय, काका?"

"सगळे हसले ना गं," मी म्हटलं. "सगळे हसले की मला सुटल्यासारखं वाटतं."

तिनं फोन ठेवला. तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. आत येऊन ते चाक बसवलं आणि उलटं बसवलं, मॅनेजरनं परत काढायला लावलं.

शनिवारी ती टॅटूवाल्याकडे गेली नाही. गाडी घेऊन नोव्हायला आली, शॉमबर्गहून सरळ, आणि वहिनींना तिनंच सांगितलं. मला बोलावून घेतलं. मागच्या दारानं गेलो, सवयीनं. दार वहिनींनीच उघडलं. चहा विचारला नाही. वहिनींनी मला चहा न विचारण्याची ही पहिली वेळ, आणि ती बरोबर होती.

बेसमेंटमध्ये तुझा रिक्लायनर रिकामा होता, त्यावर कुणी बसलं नाही. रेवा जमिनीवर, वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, मी उभा. रेवानं शोधून हळूवालं लावलं. मला विचारलं, "हे ना? आर यू शुअर?" मी हो म्हटलं.

गिटार आली. मग डोंगर नाही आला. तो माणूस नुसता गायला लागला, आपल्यात बसून सांगितल्यासारखा. मक्या, तुझं बरोबर होतं. शब्द तेच होते. मी तो आवाज एवढी वर्षं ऐकला आणि त्यात हा माणूस होता हे मला तेव्हा दिसलं. लपायला जागा नव्हती आणि मी लपलो नाही, वहिनी बघत होत्या तरी.

रेवानं विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मला एकही जर्मन शब्द येत नाही. पण तू सांगितलं होतंस ते आठवत होतं. मी तिला हळू सांगत गेलो. आता स्वयंपाकघरातला दिवा विझवला. आता जिन्यातला. आता मुलीच्या खोलीपाशी थांबला, तिथला नाही विझवला, तो तसाच ठेवला. रेवानं गुडघ्यात तोंड घातलं. आता दाराशी आलाय, मी म्हटलं.

मग शेवटचं कडवं सुरू झालं. आणि मी थांबलो.

"अँड?" रेवा म्हणाली. "दाराशी आला. मग?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तुझा बाबा सांगत होता. मी मध्येच बोललो."

तिच्या हातात फोन होता. अर्थ काढायला किती वेळ लागतो हल्ली. तिनं फोन पालथा ठेवला. वर बघून मला विचारलं, "काय बोललास?"

"जोक मारला."

"कुठला?"

मला नको होतं सांगायला. पण तिनं विचारलं होतं आणि मी आता तिला नाही म्हणू शकत नव्हतो. मी म्हटलं, "मी म्हटलं, जाता जाता एकेक दिवा बंद करतोय, म्हणजे हा पुण्याचाच असणार. बिल वाचवतोय."

रेवा हसली नाही. गाणं संपलं होतं. तो जोक त्या खोलीत असा पडला, मक्या, की मला काहीही चाललं असतं, छत पडलं असतं तरी.

जिन्यावरून वहिनी म्हणाल्या, "कधी मारलात हा?"

"शेवटच्या आठवड्यात. तुम्ही औषध घेऊन खाली आलात ना, त्या संध्याकाळी."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "तेव्हा तो हसत होता? मला वर ऐकू आलं. मला वाटलं खोकतोय. म्हणून धावत आले मी."

"आधी हसला वहिनी," मी म्हटलं. "भरपूर हसला. खोकला मागून आला."